परत जाताना लागेल

आमच्या घरी नवीन वस्तू आली की आई आणि मी वस्तू बघायचो आणि बाबा खोकं बघायचे. मिक्सर असो, टीव्ही असो, नाहीतर माझी अभ्यासाची खुर्ची असो, खोकं उघडायचा मान त्यांचा. चिकटपट्टी ओढून फाडायची नाही, दाढीच्या ब्लेडने कडेकडेने कापायची. आतलं थर्माकोल कण न सांडता बाहेर काढायचं, प्लास्टिकच्या पिशवीची घडी घालायची आणि मग वस्तू आमच्या हवाली करून रिकामं खोकं चारी बाजूंनी न्याहाळायचं. त्यांच्या चेहऱ्यावरचं समाधान बघून वाटावं, खोकंच विकत आणलंय आणि मिक्सर त्यावर मोफत मिळालाय. शेवटी ते खोकं माळ्यावर सरकवून हात झटकत ते म्हणायचे, "परत जाताना लागेल."

परत म्हणजे सांगलीला. बाबा पंचविशीत केंद्र सरकारच्या नोकरीत लागले आणि दिल्लीला आले, ते दोन-तीन वर्षांत बदली घेऊन परत जायचं हे ठरवूनच. त्यांचं लग्न झालं, मी झाले, माझी शाळा झाली, कॉलेज झालं, मला नोएडात नोकरी लागली, माझं लग्न झालं. बाबा परत जायच्या तयारीतच होते. लक्ष्मीबाई नगरातल्या आमच्या तळमजल्यावरच्या सरकारी क्वार्टरला ते कधी घर म्हणाले नाहीत. मुक्काम म्हणायचे.

माळा भरल्यावर खोकी दिवाणाखाली गेली, दिवाणाखालची जागा संपल्यावर मागच्या व्हरांड्यात गेली, आणि व्हरांडाही भरल्यावर पुढच्या वस्तूंची खोकी ठेवायला जागाच उरली नाही. दिवाणावर बसलेला पाहुणा जरा हलला की खालून थर्माकोल कुईं करायचं. अनुभवी पाहुणे हलायचे नाहीत. नवे पाहुणे दचकून खाली वाकून बघायचे, आणि बाबांना तेवढंच निमित्त हवं असायचं. ते सांगलीच्या बेताची हकिकत सुरू करायचे आणि पाहुण्याचा चहा गार व्हायचा.

आईला सांगलीला जायचं नव्हतं. हे बाबांना सोडून सगळ्यांना माहीत होतं. आई कॉलनीजवळच्या एका शाळेत गणित शिकवायची आणि अर्ध्या कॉलनीची पोरं तिच्या हाताखालून गेली होती. ती भाजी आणायला निघाली तरी वाटेत चार जण तिला नमस्ते मॅडम म्हणायचे. मला ती एकदा म्हणाली होती, "सांगलीत मला कोण ओळखतं गं? तिथे मी यांची बायको. इथे मी मॅडम आहे." पण बाबांना ती कधी नाही म्हणाली नाही. बाबा सांगली म्हणाले की आई "जाऊ की" म्हणायची आणि कुकर लावायची.

एक जानेवारीला आमच्याकडे संकल्पांचा कार्यक्रम असे. बाहेर धुकं, आत हीटर, आणि बाबा स्वेटरवर शाल, शालीवर मफलर, डोक्याला तपकिरी माकडटोपी अशा थाटात वर्षाचे संकल्प जाहीर करत. पहिला संकल्प ठरलेला: यंदा सांगली. त्याच्या खालोखाल सकाळी फिरायला जाणं, साखर सोडणं, घरात फक्त मराठी बोलणं आणि एखादा नवा छंद. जानेवारी सरता सरता यातलं काहीच उरायचं नाही, पण बाबांना त्याची खंत नसे. मराठी माणसाला वर्षात दोनदा संधी मिळते, असं त्यांचं म्हणणं होतं. एक जानेवारीचे संकल्प म्हणजे कच्चा मसुदा आणि गुढीपाडव्याचे पक्के. पाडव्याला सकाळी कडुनिंबाचं पान तोंडात धरून ते तेच संकल्प पुन्हा जाहीर करायचे. तोंड वाकडं झालेलं असल्यामुळे तेव्हा ते फार निश्चयी दिसायचे.

घरात फक्त मराठी बोलायचा संकल्प ते पुढीलप्रमाणे जाहीर करत: "आजपासून घरात हिंदी बंद म्हणजे बंद. बिल्कुल." आई आणि मी एकमेकींकडे बघायचो. मी बोलताना अडखळले की त्यांना काळजी वाटायची, की सांगलीला गेल्यावर या पोरीला लोक हसतील. प्रत्यक्षात हसले ते बाबांनाच. एका सुट्टीत आम्ही सांगलीला अण्णाकाकांकडे, म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाकडे गेलो होतो. बाबा हौसेने मंडईत गेले. तिथे वांग्यांच्या ढिगामागे बसलेल्या म्हातारीला त्यांनी अगदी सहज विचारलं, "कैसे दिए?" म्हातारीने त्यांना नीट निरखलं आणि मोडक्यातोडक्या हिंदीत, पाहुण्याला सांगावं तसं, वांगी कशी भरायची तेसुद्धा समजावून दिलं. बाबांनी वांगी घेतली. घरी आल्यावर ते दिवसभर झोपाळ्यावर बसून होते, आणि अण्णाकाका मात्र जेवताना दर घासाला "वांगी कैसी बनी है?" असं विचारत होते.

छंदांचंही सगळं सांगलीच्या हिशेबाने चाले. छंद असा हवा की जाताना उचलून नेता आला पाहिजे. म्हणून बाबांना आवडत असूनही पेटी बाद झाली आणि बासरी आली. बासरीचं खोकंही छान होतं, लांबट. बाबा बाथरूममध्ये बसून सराव करायचे, कारण तिथे आवाज घुमतो असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. आठवडाभराने शेजारच्या खन्ना आंटी आईला विचारायला आल्या, तुमच्या गीझरमधून वाफ लीक होते का. आईने होते म्हणून सांगितलं. खन्ना आंटींनी दुसऱ्या दिवशी आपला ओळखीचा मिस्त्री पाठवला आणि त्याने बाथरूमचं दार ठोठावलं, तेव्हा बाबा भूपाच्या आरोहात होते. त्या वर्षीचा छंद तिथेच संपला. बासरी खोक्यात गेली.

बागकामाचा छंद मात्र टिकला, तोही कुंड्यांमध्ये. क्वार्टरच्या पुढे मातीची चांगली पट्टी होती, शेजारीपाजारी तिथे मुळे, मेथी, लिंबू काय काय लावत. बाबा मातीत काही लावायचे नाहीत. मातीत लावलेलं नेता येत नाही, कुंडी उचलता येते. आमच्याकडे एक कढीलिंब होता. बाबांनी तो सांगलीहून गाडीत मांडीवर ठेवून, तुपाच्या रिकाम्या डब्यातून आणला होता. डब्यातून तो कुंडीत आला आणि तिथेच राहिला. गुडघ्याएवढा झाला आणि थांबला. दिल्लीच्या थंडीत त्याची पानं झडायची, उन्हाळ्यात पाच-सहा नवी यायची आणि आई फोडणीत टाकायला त्यातलं एखादं तोडायला गेली तर बाबा कळवळायचे.

त्याच्या बुंध्याशी आलेला एक फुटवा आईने एकदा खन्ना आंटींना दिला होता. आंटींनी तो जाता जाता कुंपणाजवळच्या मातीत खोचला आणि विसरून गेल्या. त्याचं झाड झालं. पुढे ते त्यांच्या खिडकीच्या वर गेलं आणि ब्लॉकमधली तमाम दक्षिणी आणि मराठी मंडळी तिथून कढीलिंब न्यायला लागली. आमच्या फोडणीतही तोच असायचा. बाबांना हे फार लागायचं. पोह्यातलं पान बाजूला काढून ते म्हणायचे, "हा मूळचा आपला." आणि मग खायचे.

सकाळी फिरायला जायचा संकल्प बाबांनी एका जानेवारीत खरोखर सुरू केला, आणि त्यातून त्यांना जन्माचा मित्र मिळाला. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याबरोबर जायचं ठरलं होतं. धुकं इतकं, की समोरचा विजेचा खांबही दिसत नव्हता. कोपऱ्यावर तपकिरी माकडटोपीतला माणूस उभा दिसला तशी बाबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली, चलो म्हणाले आणि बोलायला सुरुवात केली. अख्ख्या कॉलनीला फेरी होईपर्यंत त्यांनी सांगलीचा बेत साद्यंत सांगितला. कुठल्या भागात जागा घ्यायची, दारात काय लावायचं, ट्रकमध्ये फ्रिज उभा न्यायचा की आडवा. तो माणूस मन लावून ऐकत होता, मधूनमधून हुंकार देत होता. फेरी संपल्यावर त्याने टोपी वर सरकवली आणि नम्रपणे म्हणाला, "प्लॅन तो बहुत अच्छा है साब. पर आप हैं कौन?"

ते नायर अंकल. दुसऱ्या खात्यात होते आणि मागच्या गल्लीत राहत होते. तेही परत जाणार होते, पालक्काडला. त्यांच्या व्हरांड्यातही खोकी होती, आणि त्यांच्याकडे कुंडीत नारळ होता. बाबांना आपलं माणूस सापडलं. त्यानंतर वर्षानुवर्षं दोघं धुक्यातून एकमेकांना आपापली परतीची योजना सांगत फिरले. एक सांगलीबद्दल बोलायचा, दुसरा पालक्काडबद्दल. कॉलनीत विचारत गेलं तर प्रत्येक जण कुठे ना कुठे परतच जाणार होता, असा शोध दोघांनी मिळून लावला. नायर अंकल आधी निवृत्त झाले. निरोप देताना बाबांचे डोळे भरून आले होते. नायर अंकल पालक्काडला जायला निघाले आणि दिल्लीतच, यमुनेपलीकडे मयूर विहारला राहिले. मुलीची शाळा संपेपर्यंत, असं त्यांनी सांगितलं.

मयूर विहारला एक फ्लॅट आमचाही होता. ऑफिसातल्या लोकांनी मिळून सोसायटी काढली तेव्हा आईच्या आग्रहावरून बाबांनी नाव दिलं होतं. तो भाड्याने असायचा आणि बाबांच्या बोलण्यात तो कायम विकायचा असे. विकून सांगलीला घर घ्यायचं, हा बेताचा मुख्य भाग होता. आई त्याला कधी हरकत घ्यायची नाही. फक्त गिऱ्हाईक यायचं त्या दिवशी तिथला नळ गळत असायचा.

शेवटी बाबा निवृत्त झाले. क्वार्टर सोडायला थोडे महिने मिळतात ते मिळाले, आणि यंदा सांगली हा संकल्प कधी नव्हे तो खरा व्हायची वेळ आली. अण्णाकाकांनी सांगलीत भाड्याचं घर बघून ठेवलं. ट्रक ठरला. आई "जाऊ की" म्हणाली, पण त्या आठवड्यात तिने सगळ्यांत मीठ जास्त घातलं. मीही आईच्याच बाजूची होते, माझ्या स्वार्थाने. नोएडाहून मयूर विहार मेट्रोने जवळ, आणि सांगली म्हणजे वर्षातून एकदा. पण बाबांचा उत्साह बघून माझीही काही बोलायची हिंमत झाली नाही.

सामान न्यायच्या दिवशी सकाळी माणसं आली, आणि त्यांनी ट्रकमधून नव्या कोऱ्या खोक्यांची चळत उतरवली. बाबा बघतच राहिले. त्यांना वाटलं, हे चुकून दुसऱ्या कुणाचं सामान आलं. सुपरवायझरने समजावलं, साहब, डिब्बे हम अपने लाते हैं, सब नाप के होते हैं. बाबांनी त्याला हाताला धरून माळ्याखाली नेलं, वर बोट दाखवलं आणि म्हणाले, "ओरिजिनल हैं."

मग खोकी खाली आली. आख्खा जन्म जपलेली, एकाही कोपऱ्याला पोचा नसलेली खोकी अंगणात उन्हात मांडली गेली आणि जाणारे-येणारे थांबून बघू लागले. बाबांनी स्वतः टीव्ही उचलला. टीव्हीचं खोकं जुन्या, ढेरपोट्या टीव्हीचं होतं. आताचा सपाट टीव्ही आत घातला तर तो एका कडेला उभा राहिला आणि उरलेल्या जागेत खन्ना आंटी आरामात बसल्या असत्या. मिक्सर त्या खोक्यानंतर दोनदा बदलला होता, थर्माकोलमधल्या खळग्यात नव्या मिक्सरचं भांडं जाईना. फ्रिज खोक्यापेक्षा उंच निघाला. माझ्या तीनचाकी सायकलचं खोकं होतं, सायकल खन्ना आंटींच्या नातवाकडे होती. बाबा हटले नाहीत. मिक्सर इस्त्रीच्या खोक्यात, इस्त्री पंख्याच्या खोक्यात, पंखा सायकलच्या खोक्यात, असा प्रत्येक वस्तूचा प्रत्येक खोक्याशी बघण्याचा कार्यक्रम झाला. कुठेच जमलं नाही. जमली ती फक्त बासरी.

दुपार टळली. माणसांचा चहा झाला, जेवण झालं, पुन्हा चहा झाला. सुपरवायझर सांगत होता की गाडी आज महाराष्ट्राकडे सुटायची तर आता भरायला लागलंच पाहिजे. बाबा त्या खोक्यांच्या मध्ये पत्र्याच्या ट्रंकेवर बसले होते. माकडटोपी हातात होती आणि केस उभे राहिले होते. मला सकाळपासून हसू येत होतं, ते तेव्हा गेलं. मला त्यांच्याबद्दल फार वाईट वाटलं. ज्या एका गोष्टीची त्यांनी इतकी चोख तयारी केली होती, ती तयारीच जुनी होऊन बसली होती.

आई आतून आली. तिने त्यांच्या हातात चहाचा कप दिला आणि शेजारी टेकली.

"असं कसंतरी कोंबून आपल्याला जायचं नाही," ती म्हणाली. "गावाला जायचं तर नीट जाऊ. सगळ्याला बरोबर खोकी मिळेपर्यंत मयूर विहारला राहू. नाहीतरी भाडेकरू गेलाय."

बाबांनी चहाचा घोट घेतला. "तात्पुरतं ना?"

"बिल्कुल," आई म्हणाली.

मी आईच्या तोंडून तो शब्द पहिल्यांदा ऐकला. बाबा उठले, सुपरवायझरकडे गेले आणि त्याला नवा पत्ता सांगितला. सुपरवायझरच्या माणसांनी सगळं सामान आपल्या मापाच्या खोक्यांत तासाभरात भरलं. बाबांची खोकीसुद्धा त्यांनी मोठ्या खोक्यांत भरली आणि वर लिहिलं, डिब्बे.

मयूर विहारच्या फ्लॅटमध्ये पाऊल टाकलं तर भिंतींना ताजा रंग होता. नळ गळत नव्हता. आईने पिशवीतून पडदे काढून लावले आणि ते खिडक्यांना अगदी बरोबर आले. बाबांनी पडद्यांकडे पाहिलं, रंगाचा वास घेतला. "बरोबर बसले," ते म्हणाले. "नशीब," आई म्हणाली आणि दूध तापवायला गेली. संध्याकाळी बेल वाजली. दारात नायर अंकल उभे होते, माकडटोपीत. शेजारच्याच इमारतीत ते राहत होते. मुलीची शाळा कधीच संपली होती, तिचं लग्नही झालं होतं. दोघांनी कुठे जाणार, कधी जाणार हे काही एकमेकांना विचारलं नाही. उद्या सकाळी किती वाजता, एवढंच ठरलं.

एक जानेवारीला बाबांनी संकल्प जाहीर केले. यंदा सांगली, साखर बंद, घरात फक्त मराठी. आई म्हणाली, "जाऊ की." आम्ही नेहमीसारखे गाजरहलव्यावर तुटून पडलो, बाबाही.

पाडव्याला मी श्रीखंड घेऊन गेले. बाल्कनीत गुढी उभी होती. स्वयंपाकघरात ओट्याच्या कडेला वरवंटा पडला होता आणि त्याच्याजवळ मातीची एक गोल चकती, कुंडीच्या बुडाएवढी. मी आईकडे बघितलं. कुंडी आपटली गेली, असं म्हणून तिने ती चकती वर्तमानपत्रात गुंडाळली आणि कचऱ्याच्या डब्यात टाकली.

थोड्या वेळाने खालून बाबांचा आवाज आला. मी बाल्कनीतून वाकून बघितलं. इमारतीच्या कडेला सोसायटीची मातीची पट्टी आहे, तिथे बाबांनी धोतर खोचून चांगला हातभर खोल खड्डा खणला होता. नायर अंकल सल्ला द्यायला उभे होते. आई खुरपं घेऊन खाली गेली. बाबांनी भिंतीजवळची कढीलिंबाची कुंडी दोन्ही तळहात खाली घालून उचलली. उचलताना त्यांच्या पायांवर माती सांडली. त्यांच्या बोटांच्या मधून पांढरी मुळं लोंबत होती, मला वरूनसुद्धा दिसली. बाबा कुंडी हातात घेऊन तसेच उभे राहिले. त्यांनी एकदा आपल्या हातांकडे पाहिलं आणि एकदा आईकडे. आई खुरप्याची माती काढत होती.

मग बाबांनी वाकून, मुळं दुमडणार नाहीत अशा बेताने, कुंडीसकट झाड खड्ड्यात ठेवलं.

नायर अंकलनी विचारलं, गमला क्यों नहीं निकालते.

"गमले समेत ही लगाते हैं," बाबा म्हणाले. "जाते वक़्त निकालने में आसान रहेगा."

आईने खुरप्याने माती ओढली. कुंडीचा काठ तेवढा वर राहिला होता. बाबांनी त्याच्या भोवतीची माती पायाने हलकेच दाबली, आणि पाण्याची बादली आणायला ते नळाकडे गेले.